शौचालय वगळून

दर डिसेंबरात वकिलांचं जाड पाकीट येतं.
उत्तर मिनेसोटातला आमचा लहानसा शाळा-जिल्हा:
तीन शाळा, अकरा बसगाड्या, बर्फ लोटणारा एक ट्रक,
आणि मी, मार्लिस ट्वेट, कर्मचारी नोंदी, खोली दोन.
मी पानांना तीन भोकं पाडते,
फायलीतलं जुनं पान काढते, नवं लावते.
जुनी पानं फेकत नाही.
कोण कधी कुठल्या सालचा दाखला मागेल, नेम नाही.

या खेपेला पान सतरा.
'नियोक्त्याने वाजवी अवकाश द्यावा, तसेच,
शौचालय वगळून, अशी जागा द्यावी
जी इतरांच्या नजरेआड असेल
व जेथे कोणी अवचित प्रवेश करणार नाही.'

शौचालय वगळून.
कुठल्याशा सभागृहात, टाय सैल करून,
हे दोन शब्द कुणी मंजूर केले,
दोन्ही बाजूंच्या स्वल्पविरामांसकट.
म्हणजे कुणीतरी त्यांना जाऊन सांगितलं असणार.
म्हणजे कुणीतरी तिथे बसलेलं असणार,
झाकण खाली टाकून, पाय दाराला रेटून.

मीही बसले होते.
एकतीस वर्षांपूर्वी, याच इमारतीत, कडी तुटलेली.
बाहेर पाचवीच्या मुली हात धूत खिदळत होत्या.
पान्ह्याला शाळेची घंटा कळत नाही.
व्हरांड्यात पहिलीतलं कुणाचंही पोर रडलं
की माझा स्वेटर भिजायचा.
दूध बेसिनमध्ये ओतायचे,
आवाज झाकायला नळ सोडायचे.
ओडेगार्ड सर घड्याळ दाखवायचे: बारा मिनिटं झाली, मार्लिस.
माणूस वाईट नव्हता.
कुठे लिहिलेलं नव्हतं, इतकंच.

मग खिडकीतून मी इदिलची गाडी पाहिली.
इदिल गुलेद, स्वयंपाकघरात नवी,
सोमालियाहून आली ती आईच्या कडेवर.
रोज साडेदहाला ती पार्किंगमध्ये जाऊन बसते.
मला वाटायचं, फोनवर बोलत असेल.
बाहेर शून्याखाली वीस,
इंजिन चालू, काचा आतून पांढऱ्या.
घरी नऊ आठवड्यांचं बाळ आहे हे मला माहीत होतं.
रजेच्या अर्जावर शिक्का मीच मारला होता.

साहेब म्हणाले, 'लागू दिनांक एक जुलै आहे.
अजून वेळ आहे आपल्याला.'
मी म्हटलं, 'तोवर बाळ रांगायला लागेल.'
ते हसले. मी हसले नाही.
मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि किल्ली दिली.

नकाशांची खोली. गेल्या कित्येक वर्षांत
तिथे कोणी गेलेलं नव्हतं.
गुंडाळ्या करून ठेवलेले देश, त्यातले काही आता उरलेही नाहीत,
आस मोडलेला पृथ्वीचा गोल, दोन मुके प्रोजेक्टर.
वेंडेलने सगळं बाहेर काढलं,
दाराला कडी ठोकली, आतून.
विचारलं, 'कुणासाठी?'
'पान सतरासाठी,' मी म्हटलं.
त्याने पुढे विचारलं नाही. दुपारी मात्र
स्वतःच्या कोठडीतली हातांची खुर्ची आणून ठेवली,
आणि तिच्यावर घडी घातलेली शाल.

दारावर काय लिहायचं, यावर अर्धा तास गेला.
वकिलांच्या नमुन्यात होतं 'स्तन्य-निष्कासन कक्ष'.
वाचून वाटलं, आत कुणाला तरी निलंबित करतात.
पाटी कोरीच राहिली.

काल साडेदहाला गाडी जागची हलली नाही,
तिच्या काचांवर बर्फ तसाच.
व्हरांड्यात पावलं आली, थबकली,
मग आतून कडी लागली.

मी फाईल उघडली, पान सतरा लावायला.
सवयीने जुनं पान काढू गेले.
सोळाव्यानंतर थेट आगीच्या कवायतीचं पान होतं.
काढायला काहीच नव्हतं.